पंच घेऊन सुरतेला

खुशालरावाचा आठवडा दवाखान्यातल्या मशीननं कापून ठेवला होता. सोमवार अमरावती, गुरुवार अमरावती. चार-चार तास खाटेवर पडायचं. हातातून रक्त निघायचं, धुतलं जायचं, परत आत यायचं. उरलेल्या दिवसांत तो माणसांत. त्यामुळे सुरतेला जायचं ठरलं तेव्हा पंचांग पाहायचं काम पडलं नाही. मंगळवारी संध्याकाळी मूर्तिजापुरात गाडी धरायची, बुधवारचा दिवस सुरतेत काढायचा, संध्याकाळी परतीच्या गाडीत बसायचं आणि गुरुवारी सकाळी बडनेऱ्याला उतरून सरळ मशीनवर.

सोबत दोन दोस्त होते. पंजाबराव हा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. तीस वर्षं दर्यापूर-अकोला केल्यानं घरातही चौकटीला टेकून, उभ्यानंच बोलायचा. दुसरा इनायतुल्ला. त्याचं दर्यापुरात जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचं दुकान. तिघं एका शाळेतले, एका मास्तरच्या छडीखालचे.

"दर्यापूरचे लोक दर्या पाहाले निंघाले," पंजाबराव गाडीत म्हणाला. "गावाच्या नावात दर्या, आन पन्नाशी उलटली तरी एकानं पाहिला नाई."

"पाह्याची काय गरज हाये," इनायतुल्ला म्हणाला. "पिऊन तं राहिलो जनमभर."

पूर्णेकाठची ती सगळी खारपाणपट्टी. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. तेच पाणी वावराला दिलं तर काळ्या जमिनीवर पांढरी साय धरते. म्हातारे सांगायचे, एके काळी इथं समुद्र होता, तो निघून गेला आणि मीठ ठेवून गेला. गावात किडनीनं चौघं गेले होते. ती वर्षं अशी होती, की कोणी औषध पिऊन मेला तर गावात जीपगाड्या यायच्या, फोटो निघायचे, बायकोला पदर घ्यायला लावून परत फोटो निघायचे. पाणी पिऊन मेलेल्याला मात्र कोणी विचारत नव्हतं.

खुशालरावाला डॉक्टरनं सांगितलं होतं, किडनी बदलावी लागेल, चारेक महिन्यांत. घरातलं कोणी देतं का पाहा. त्याची बायको सुभद्रा बाजूलाच उभी होती. "माही घ्या," ती म्हणाली. जसं काही कोणी विळा मागितला होता. तपासणी झाली, जुळत होतं. पण तिच्या अंगात रक्त कमी. डॉक्टरनं कागद खालीवर केला आणि म्हणाला, जमेल, पण बाईंना जड जाईल. सख्खा भाऊ असेल तर आधी त्याला विचारा. खुशालराव आजारी पडल्यापासून वावर सुभद्राच पाहत होती. निंदण तीच, फवारणी तीच, वेचणी तीच. ती पडली तर घर बसणार होतं.

सख्खा भाऊ होता. भगवंतराव. खुशालरावाहून सहा वर्षांनी लहान, पंचवीस वर्षांपासून सुरतेत, साड्या छापायच्या मिलमध्ये. त्यानं हो म्हटलं तर सुभद्रा वाचत होती. समुद्र नुसता गावाला सांगायला होता.

आणि वऱ्हाडात माणूस मागणं मागायला एकटा जात नाही. पोरगी मागायची असो का बैल, दोन माणसं सोबत लागतात. विषय ती काढतात, मागणारा खाली पाहून बसतो. नकार आला तर तो त्यांच्या पदरात पडतो, आपली मान राहते. खुशालरावाला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. इनायतुल्ला पोटातला माणूस, म्हणून त्याला घेतला. पंजाबराव बोलका, म्हणून त्याला घेतला. तिथंच चुकलं.

सुरतेच्या फलाटावर भगवंता न्यायला आला होता. अंगानं भरला होता, केस काळे केले होते. वाकून पाया पडला. "पाय लय सुजले तुहे, दादा," म्हणाला. उठताना त्याची नजर मागं गेली.

"पंजाबभाऊबी आले काय," तो म्हणाला. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यातलं गेलं.

त्याला कारण होतं. बाप मेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली ती याच पंजाबरावासमोर. नऊ एकर. मोठ्यानं वाटे पाडायचे आणि आधी लहान्यानं उचलायचा, ही रीत. पाडणाऱ्याच्या मनात भीती राहते म्हणून वाटे सारखे पडतात. खुशालरावानं वाटे पाडले. विहीर आणि रस्ता एका वाट्यात घातला, दुसऱ्यात नुसतं वावर. आणि भगवंता उचलायला पुढं झाला तेव्हा पंजाबराव पंच म्हणून बोलला, विहीर मोठ्याकडं राहते, तशी रीत आहे. भगवंता चोवीस-पंचविशीचा, पंचाच्या तोंडाला कसा लागणार. त्यानं कागदावर सही केली. खाली ओळ होती : यापुढे एकाचा दुसऱ्याच्या हिश्श्यावर कोणताही हक्क राहणार नाही. तीन वर्षं त्यानं कोरडं वावर ओढलं, मग दर्यापूरच्या एका दुकानदाराला विकलं आणि खानदेशातल्या एका ओळखीच्या मागं सुरत गाठली.

भगवंताच्या घरी त्याची बायको चंदा डोक्यावरचा पदर सावरत पुढं आली. "दादाच्या ताटातलं सगळं अळणी हाये," म्हणाली. "कशातच मीठ नाई टाकलं. पाणी किती देऊ सांगा." दिवसभराला एक लिटर. तेवढंच पाणी खुशालराव एका बाटलीत घेऊन फिरायचा, घोट घोट. घरात आजाराचं सगळं ठाऊक होतं, हे त्या अळण्या भाजीवरून कळत होतं. पंजाबरावानं जेवण उरकलं, हात धुतला आणि घसा साफ केला.

भगवंता उठला. "चला, किल्ला पाहू."

असं मग दिवसभर चाललं. पंजाबरावानं घसा साफ केला की भगवंताला एखादी जागा आठवायची. किल्ला पाहिला, तापीच्या काठचा. आत कसलीशी हापिसं होती, त्यामुळे बाहेरून भिंत पाहिली. पूल पाहिला. जुनी बाजारपेठ पाहिली, जरीची दुकानं पाहिली. खुशालराव दर शंभर पावलांवर थांबायचा, श्वास मोजायचा. शेवटी इनायतुल्ला वैतागला. "अरे भगवंता, आदमी बिमार हाये. याले कुठी बसू तं दे."

"बसाची जागाच पाहाले जाऊन राहिलो," म्हणून भगवंतानं त्यांना गोऱ्यांच्या कबरस्तानात नेलं. मोठमोठे घुमट, खांब, कमानी. एकेक कबर दर्यापूरच्या तहसील कचेरीएवढी.

"कोन होते हे?" पंजाबरावानं विचारलं.

"इंग्रज. कापड घ्याले आल्ते, अठीच मेले."

"कापड म्हंजे कापूसच. कापसावर मेल्यावर त्यायले घुमट उठले. आमी जिते हाओ तं टिनं गळून राहिले."

भगवंता पहिल्यांदा खरं हसला. खुशालरावाला वाटलं, आता. आता पंजाबरावानं बोलावं. त्यानं कोपरानं ढोसलंही. पण पंजाबरावानं घसा साफ केला आणि भगवंता म्हणाला, "उशीर होऊन राहिला. समुद्र राहिला अजून."

डुमसला रिक्षातून उतरले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. समोर काळी रेती. पार क्षितिजापर्यंत काळा, ओला चिखल, आपल्या वावरासारखा, नुसतं पीक नव्हतं. पाण्याचा पत्ता नव्हता.

"समुद्र कुठी हाये गा?" खुशालरावानं विचारलं.

"ओहोटी हाये, दादा. पाणी मागं गेलं. येते परत."

"कवा?"

"आपली गाडी निंघून गेल्यावर."

"आमी आलो तं हाबी उठून गेला," खुशालराव म्हणाला आणि मटकन रेतीत बसला. बाकीचे बसले. गाड्यावर टमाट्याचे भजे निघत होते. इनायतुल्लानं आणले. खुशालरावाला टमाटा बंद, मीठ बंद. तिघं खात होते आणि तो चिखल पाहत होता. आता भगवंताकडं दाखवायला काही उरलं नव्हतं. सुरत तिथं संपत होती.

पंजाबरावानं घसा साफ केला. "भगवंता, एक बोलाचं होतं."

"बोला न. सकाळपासून वाट पाहून राहिलो."

"आता तू समजदार हायेस. दादाची हालत पाहून राहिला. डॉक्टर म्हणते, सख्ख्या भावाची..."

"थांबा, पंजाबभाऊ." भगवंतानं भज्याचा कागद घडी करून खिशात घातला. "आधी एक सांगा. विहीर मोठ्याकडं राहाते, ही कोनत्या गावची रीत होती?"

पंजाबराव तीस वर्षं कोणाला उत्तराला कमी पडला नव्हता. तो रेतीत बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "कोनत्याच नाई."

"कोनी म्हणाले लावलं?"

"तुह्या दादानं."

खुशालरावानं मान वर केली. "त्या विहिरीनंच खाल्लं न मले. अजून काय पायजे तुले?"

"ते मी म्हणतच नाई. माह्याकडं आली असती तं मी पडलो असतो मशीनवर. मले समजते." भगवंताचा आवाज चढला नाही. "तुहा आजार समजला त्याच हप्त्यात मी रक्त तपासून आलो, दादा. बी पॉझिटिव्ह निंघालं, तुहंच. चंदा रडली, तिले गप केलं. म्हतलं, दादा येईन. खोलीत बसन, म्हणन भगवंता, मले दे. मी देल्ली असती. अन तू कोनाले आणलं? जो पंच मले नागवाले आणला होता, तोच."

इनायतुल्ला उठला. पंजाबरावाच्या दंडाला धरून त्यालाही उठवलं. "चल, जरा फिरून येऊ," म्हणाला, आणि दोघं चिखलाच्या कडेनं लांब गेले.

भाऊ दोघंच राहिले. मागायचं तर आत्ताच होतं आणि काय म्हणायचं तेही भगवंतानं सांगून ठेवलं होतं. भगवंता, मले दे. तीन शब्द. खुशालरावानं बाटलीतला घोट घेतला. पण जन्मभर तो या भावाला सांगत आला होता, मागितलं कधीच नव्हतं. दावं आण, नांगर सोड, सही कर. जीभ त्याच वळणाची झाली होती.

"मी मोठा हाव तुह्यापेक्षा," तो म्हणाला. "लहान्याले नाई म्हणता येत नाई."

भगवंतानं त्याच्याकडं पाहिलं.

"नाई, दादा," तो म्हणाला. मग उठून त्यानं पँटवरची रेती झटकली आणि रिक्षा पाहायला गेला.

फलाटावर तो परत पाया पडला. चंदानं दिलेल्या अळण्या पोळ्यांचं पुडकं हातात ठेवलं. खिडकीतून म्हणाला, "वहिनीले सांभाळजो." गाडी हलली तसा निघून गेला.

नंदुरबार आलं तेव्हा गाडीत पंजाबरावानं घसा साफ केला. मग म्हणाला, "रक्तगिक्त काही तपासलं नसन त्यानं. टाळाले बोलला. मी नसतो आलो तरी दुसरं काही काढलं असतं."

"तपासलं असन," इनायतुल्ला म्हणाला.

"तुले काय ठाऊक?"

"गट सांगितला न त्यानं. आपन कोनी ईचारला होता?"

खुशालराव खिडकीकडं तोंड करून होता. मध्येच म्हणाला, "गप ऱ्हा रे दोघंबी." मग दोघं आपापल्या जागेवर कलंडले. तो मात्र जागाच होता आणि ते तीन शब्द मनातल्या मनात म्हणून पाहत होता. आता ते सहज येत होते.

सुभद्रा पहिल्या एसटीनं येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. तिघं फाटकातून आत आले तेव्हाच तिनं ताडलं. तरी विचारलं.

"काय म्हणले भाऊजी?"

"नाई म्हणला."

"कारन?"

"कारन काही नाई."

पंजाबरावानं दुसरीकडं पाहिलं. सुभद्रेनं मान हलवली. एसटी रद्द झाली असं सांगितल्यावर हलवावी तशी. खुशालरावाला तिनं खाटेवर निजवलं, सुया लागल्या, मशीन घरघरायला लागलं. मग ती डॉक्टरच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. खाटेवरून सगळं ऐकू येत होतं.

"तारीख द्या साहेब. माही घेऊन टाका."

डॉक्टरनं समजावलं. आधी रक्त वाढवावं लागेल, गोळ्या घ्याव्या लागतील. कापल्यावर तीन महिने वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही.

"तीन महिने म्हंजे वेचणी गेली," सुभद्रा म्हणाली. "कोन करन?"

डॉक्टरला वाटलं, त्यालाच विचारते. "ते तुम्ही घरी बघा, बाई."

खुशालरावानं तोंड उघडलं. राहू दे म्हणायचं होतं. मी परत जातो सुरतेले, एकटा जातो, असंही म्हणायचं होतं. पण परत जायचं म्हणजे तिथं बसून मागायचं आणि ते त्याच्यानं गाडीतच होत होतं, माणसापुढं होणार नव्हतं, हे त्याचं त्याला कळून चुकलं होतं. मरायचंही नव्हतं. मशीन चालू होतं. त्यानं तोंड मिटलं.

"दोन असतात म्हणे," सुभद्रा टेबलापाशी विचारत होती. "कोनती काढता?"

"ते आम्ही तपासून ठरवतो."

"मी ओझं उजव्या अंगाले घेतो," ती म्हणाली. "जमलं तं डावी काढा."