एका नाडीवरचं लुगडं

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चौथीनंतर वही हातात धरली नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. वाचणारी बहुतेक मीच असेन.

आमच्या गल्लीतल्या सरांनी पाणी भरणाऱ्या एका बाईवर कविता लिहिली आणि चाली लावून तिचं गाण्यांचं नाटक बसवलं. पहिल्या कडव्यात बाई नवी नवरी, शेवटच्या कडव्यात म्हातारी. मधे पडदा पडायचा नाही. ती घागर भरायला रांजणाआड वाकेल तेवढ्यातच हिरवं लुगडं जाऊन आतलं विटकं दिसायला हवं होतं. शिवायचं काम माझ्याकडे आलं. हुक अडकायचे. तीनदा उसवलं. शेवटी सगळं लुगडं एका नाडीवर ओवलं. टोक ओढलं की वरचं खाली. कापडाला नऊ हजार लागले, ते मी बचत गटातून उचलून सरांना उसने दिले.

पहिला खेळ लातूरला झाला. रांजणामागे बसून नाडी मीच ओढली. समोरून "आगं माय!" असा आवाज उठला, मग टाळ्या. मी कुणाला दिसले नाही, तेही बरंच वाटलं.

शिरूर अनंतपाळलाही तसंच झालं. हिमायतनगरला मात्र स्टेजवर रांजण मावेना, म्हणून सगळे बसून गायले. लोकांना तेवढंही आवडलं. झालं! टेम्पोचं भाडं वाचलं, नाटकाची मैफल झाली.

तरी नांदेडला मी लुगड्यांची ट्रंक घेऊन गेले.

"ताई, हे कशाला? बसूनच गायचं हाय," सर म्हणाले.

"मग ती म्हातारी कशी होणार?"

"निवेदक सांगंल की."

पेटीवाला म्हणाला, "पांढरे केस लागले तर माझं डोकं हायच!"

सगळे हसले. मीही हसले, आतून जळत होते तरी. निवेदकाने सांगितलं, "आता ती म्हातारी झाली आहे." माझ्या शेजारची बाई तेव्हा मोबाइल बघत होती.

त्यानंतर सर दिसले की मी विचारायची, "सर, खेळ परत कधी?" ते म्हणायचे, "बघू." नाडी पुन्हा ओढायची आहे, एवढं साधं मला बोलता आलं नाही.

परवा ते दारात आले, हातात पाकीट.

"मोजून घ्या, ताई. सारखं विचारायलात, मला लाज वाटायली होती. आता विचारायचं काम न्हाई."

मी चहा टाकला. ते गेल्यावर मोजले. पूर्ण नऊ हजार होते.