अर्ध्या उजेडातला फोटो

दिनानाथ तसा भित्रा, पण रोह्यातल्या आपल्या स्टुडिओत कॅमेऱ्यामागे उभा राहिला की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. तरुणपणी परदेशी, काळेपांढरे, खुनाचे सिनेमे बघून बिघडलेला गडी! एकच दिवा, तोही बाजूने. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. "काळोखात असतं तेच खरं," असं गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "तुझं ज्ञान तुझ्याजवळ ठेव, मला गोरा कर."

म्हणून जिते गावची ऋतुजा स्थळासाठी फोटो काढायला आली आणि आपणहून म्हणाली, "काका, डाव्या गालावर काळोख ठेवा," तेव्हा स्वारी काय हरखली! का ठेवायचा, ते विचारलं नाही. इथंच शहाण्यानं माती खाल्ली.

आठवड्याने भर दुपारी मुलाची आई, नदीपलीकडच्या अष्टमी गावची सगुणाबाई, दुकानात आली. "पोरगी बघायला जायच्या आधी इचारते. तो गाल का लपवलाय? कोड हाय का?"

"नाय हो! उजेडच तसा धरला होता."

"मंग दाखवा."

स्क्रीन स्वतःकडे वळवून दिनानाथने काळोख उजळला. गाल दिसला, आणि त्यावर उठलेली चार बोटं. फोटो काढला त्या दिवशी पोरीचा बाप जनू बाहेर टेम्पोत बसून होता, दाराकडे डोळे लावून.

पुसायला कितीसा वेळ? रोज लोकांची मुरमं पुसतो. पण पुसलं तर पोरीचं कुणाला कळणार? आणि दाखवलं तर जनू पोरीला नि आपल्याला, दोघांनाही फोडून काढील. त्या सिनेमांत अडकलेल्या माणसाच्या तोंडावर खिडकीच्या पट्ट्यांची सावली पडायची, तुरुंगाच्या गजांसारखी. दिनानाथला ते गज आपल्याच तोंडावर जाणवले. पण समोरची बाई आई होती. तिला दया येईल, ती पोरीला त्या घरातून काढील, असं त्याला वाटलं. त्याने स्क्रीन वळवला.

"डाग नाय, बाई. बापानं मारलंय. सोडवा तिला."

सगुणाबाईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "कुणाजवळ बोलली नाय?"

"नाय. माझ्याजवळ पण नाय."

तिने मान हलवली, पर्समधून फोन काढला.

"जनूभाऊ, पोरगी पसंत. आमचा निकेश जरा तापट हाय, त्याला अशीच पायजेल होती."