सिनेटरच्या रुमालातला कांदा

वॉशिंग्टनमध्ये सिनेटर लोकांना राहायला-जेवायला ठेवणाऱ्या अडेलिया पॉमरॉयला सगळ्या शहराची अंडीपिल्ली ठाऊक होती. तिच्या माडीवर राहणारे सिनेटर टटलसाहेब तर भाषणाच्या दिवशी तिच्याच स्वयंपाकघरातला कांदा चिरून रुमालात बांधून नेत. सभागृहात युद्धातल्या विधवांसाठी ढसाढसा रडत आणि मग त्याच विधवांच्या पेन्शनचा ठराव हाणून पाडत.

अडेलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहाटे चूल पेटवण्याआधी, कणीक मळायच्या टेबलावर बसून तिने रुमालात कांदा बांधणाऱ्या एका सिनेटरवर अख्खी कादंबरी लिहिली आणि न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाकडे पाठवली. लेखकाचं नाव छापायचं नाही, एवढीच अट. तिचा नवरा हायरम पेन्शन कचेरीत कारकून होता, आणि तोही टटलसाहेबांच्या मेहेरबानीने.

पुस्तक शहराने डोक्यावर घेतलं. पुढच्याच भाषणात साहेबांनी रुमाल काढला मात्र, सज्जातून लोक ओरडले, "कांदा! कांदा!"

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर साहेबांनी मूठ आपटली. "हे या घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं! हायरम, उद्यापासून कचेरीत पाऊल टाकू नकोस."

अडेलियाने सूपचं भांडं टेबलावर ठेवलं. "त्यांना कशाला बोलता? मी लिहिलंय ते."

सगळं टेबल खो खो हसत सुटलं. "नवऱ्यासाठी काय जीव टाकते बाई!" कुणीतरी म्हणालं.

हायरम उठला, कोट नीट केला. "राहू दे, अडेलिया. माझ्यापायी तू का बदनाम होतेस? हो, मीच लिहिलं!"

लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

सकाळी दाराशी वार्ताहर जमले. हायरम ठेवणीतला कोट घालून स्वयंपाकघरात आला.

"अहो, हे काय चालवलंय तुम्ही?"

"नोकरी गेलीच ना? मग नाव तरी होऊ दे. खरा लिहिणारा काही पुढे येत नाहीये."

"मी लिहिलंय म्हणाले ना काल!"

"ते काल गं. आता इथे कोण आहे ऐकायला? बरं, तू वाचलंयस ना? शेवटी त्या सिनेटरचं काय होतं, सांग पटकन."

ज्याच्या नोकरीसाठी अडेलियाने स्वतःचं नाव गाळलं, त्याने ते पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिने ॲप्रन सोडला, त्याला बाजूला सारलं आणि दार उघडलं.

"शेवट मी सांगते," ती वार्ताहरांना म्हणाली, "आणि त्याच्यानंतर या घरात काय झालं, तेही."