गोळीबरोबरचं पाणी

सकाळचा चहा झाला की सासूबाई पाण्याचा पेला घेऊन माझ्यापुढे उभ्या राहायच्या. “गोळी घे गं, विसरू नकोस.”

ती गोळी मूल होऊ नये म्हणून होती. सासूबाईंना वाटायचं, मूल व्हावं म्हणून आहे. माझ्या नवऱ्यानंच त्यांना तसं सांगितलं होतं. देवासच्या कारखान्यात पर्मनंट होईपर्यंत मूल नको, हे म्हणणंही त्याचं, आणि आईला खरं सांगायची छाती नाही तीही त्याचीच. मी चिडले की म्हणायचा, “टेन्शन नको घेऊ यार, सांगून देईन.”

सासूबाईंमुळे माझी एकही गोळी कधी चुकली नाही. हरतालिकेच्या निर्जळी उपासालाही त्यांनी पेला पुढे केला. “औषधापुरतं पाणी चालतं गं.”

स्वतः मात्र त्यांनी आंबा सोडला होता. धारहून त्यांच्या भावाकडून दर उन्हाळ्यात टोपली यायची. त्या आम्हाला रस काढून वाढायच्या आणि बोटसुद्धा चाटायच्या नाहीत. “नातवंडाच्या उष्टावणालाच आता खाईन.”

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. तेराव्याला नवऱ्यानं त्यांच्या नावाच्या पानावर सगळ्यात आधी आमरस वाढला आणि हुंदके देत म्हणाला, “आईला आंबा फार आवडायचा.”

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर त्यानं पाण्याचा पेला माझ्यापुढे धरला. “गोळी घे गं, विसरू नकोस.” अगदी आईच्याच शब्दांत.

तो पेला मी त्याच्या हातात तसाच राहू दिला.