चहाच्या रंगाची आच

आधी मामांचं सांगते, मग चाकाचं. दिल्लीच्या करोलबागेत एका चिंचोळ्या जिन्याच्या वर मामांचं गलाईचं दुकान आहे. गलाई म्हणजे सोनारांकडची मोड भट्टीत वितळवायची आणि सोनं शुद्ध करून परत द्यायचं. आमच्या आटपाडीकडची कितीतरी माणसं या कामापायी देशभर पांगली आहेत. मामा माझे सख्खे मामा नव्हेत. एका भागातले, एवढंच नातं. पण दिल्लीत तेवढं नातं पुष्कळ झालं. त्या दिवशी त्यांनी भट्टी थांबवली नसती तर मी आज गुरुग्राममध्ये नसते.

माझी शाळा नववीत सुटली. आत्या गुरुग्रामला एका पुणेकर घरात स्वयंपाकाला होती, तिच्या हाताखाली मी आले. पुढं आत्या गुडघ्यांनी हैराण होऊन गावी परतली आणि तिचं काम माझ्याकडं आलं. वडलांनी फोनवर एकच अट घातली होती. "दोन घरं धरून आहेस तोवर ऱ्हा. एक सुटलं की गाडीत बस, दुसरं काय ऐकायचं न्हाय." एक घर हे पुणेकरांचं, माझ्या खोलीजवळ. दुसरं लांब, नव्या सेक्टरात, जिथं इमारती आधी आल्या होत्या आणि बस अजून यायची होती. तिकडं रिक्षा वळत नसे आणि चालत गेलं तर हमखास उशीर. परत जायची भीती सदा माझ्याबरोबर असे, कणीक मळतानासुद्धा.

त्या भीतीवरचा उपाय पुणेकरांच्या चपलांच्या कपाटाखाली पडला होता. विजेवर चालणारं एकच चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पट्ट्या. त्या घरच्या दादांनी ते ऑफिसला जायला आणलं आणि आपटून घेऊन आत सारलं.

वहिनी म्हणाल्या, "हे धूड रोज माझ्या पायात येतं. तूच घे बाई, जमतं का बघ."

दादा म्हणाले, "अगं, बॅलन्स लागतो त्याला. मला नाही जमलं..."

"तुझं राहू दे. तुला साधी सायकल तरी कुठे येते?"

तळघरातल्या पार्किंगमध्ये खांब धरधरून शिकले. पुढं झुकलं की पुढं जातं, मागं रेललं की थांबतं. बस, एवढंच. हात मोकळे राहतात. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात ओढणीचं टोक.

ते दिवस आठवले की मला खरे वाटत नाहीत. पहाटेचं धुकं असायचं, आणि धुक्याच्या वर इमारतींचे वरचे मजले नुसते तरंगत असायचे, खाली काही नसल्यासारखे. ऑक्टोबरात सातवीण फुलायची आणि रुंद मोकळा रस्ता त्या वासानं जड व्हायचा. मी त्यातून पाय न हलवता जायची. आवाज नाही, धूळ नाही. वाटायचं, मी थांबलेय आणि हे शहरच माझ्या अंगावरून हळू वाहतंय. एका कोपऱ्यावर म्हशी घेऊन बसणारी म्हातारी होती. तिथं पूर्वी सरसोंचं, मोहरीचं शेत होतं म्हणायची, अगदी टॉवरच्या दारापर्यंत. मला बघून रोज ओरडायची, "ए छोरी, तेरा दूसरा पहिया कहाँ गिर गया?" मी रोज सांगायची, "ढूँढ रही हूँ, ताई." तिकडं म्हातारीला ताई म्हणतात.

आणि एका शनिवारी गटाराचं लोखंडी झाकण वर आलेलं मला दिसलं नाही.

मी पडले, मेथी रस्ताभर झाली, कोपर सोलवटलं. पण जिवात जीव नव्हता तो चाकापायी. रिमची कड एका जागी आत बसली होती, भाकरीला बोट लागून दबावी तशी. टायरात हवा ठरेना. पंक्चरवाले भैया चाक फिरवून बघत म्हणाले, "दीदी, ये तो खिलौना है. कंपनी भेजो." कंपनी कुठली, सातासमुद्रापलीकडची. गाड्यांचे रिम सरळ करणाऱ्या दुकानात गेले तर तिथल्या माणसानं हात जोडले. या चाकाच्या पोटातच मोटर असते, मोटरला लोहचुंबक. त्या दुकानातली आच मोठी. चुंबक तापले तर चाक मेलं. गार असतानाच ठोकावं तर कड तडकते.

लांबच्या घरच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "सोमवार सुबह से टाइम पे आ जाना प्लीज, वरना मुझे किसी और को देखना पड़ेगा." वाईट नव्हत्या त्या. त्यांना बाळ होतं आणि सकाळची ड्युटी.

दादांनीच संध्याकाळी बसून चाक खोललं. बॅटरी बाजूला काढली, टायर उतरवलं, वायरींचे फोटो घेतले. मी शेजारी स्क्रू वाटीत गोळा करत होते, आणि बोलता बोलता तोंडातून निघालं, "आमचे मामा आहेत करोलबागेत. त्यांची ज्योत सुईसारखी असते."

रविवारी सकाळी नुसतं चाक चादरीत बांधून मेट्रोत बसले. तपासणीच्या यंत्रापाशी शिपायानं विचारलं, "ये क्या है?"

"पहिया है."

"किसका?"

"मेरा."

तो माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिला आणि हसून म्हणाला, "चलो, जाओ."

मामा भट्टीपुढं बसले होते. दुकानाला खिडकी आहे ती बंद, पंखा नाही. पंखा लावला तर सोन्याचा कण उडतो, म्हणून गलाईवाल्याच्या नशिबी वारा नसतो. कपाळावरचा घाम बाहीला पुसत ते म्हणाले, "काय गं पोरी, कुणाच्या गाडीचं चाक काढून आणलंस?"

"माझंच हाय, मामा. एवढीच गाडी हाय."

सगळं ऐकून त्यांनी भट्टी थांबवली आणि कड बोटानं चाचपली. "ही ॲल्युमिनियमची जात. ह्याला मी कधी हात लावला न्हाय. थांब, आधी दुसऱ्यावर बगू." चहाच्या भांड्याचं जुनं झाकण घेतलं. फुंकणीनं बारीक ज्योत लावली आणि लाल व्हायची वाट बघत बसले, कारण सोनं-चांदी लाल झाल्यावरच ऐकतं. झाकण काही लाल होईना. पांढरं ते पांढरंच. आणि एकाएकी तुपासारखं खाली ओघळलं.

मामा त्या थेंबाकडं बघत राहिले. "मुकी जात हाय ही. तापली तरी सांगत न्हाय. रंग दिसल्याबिगर मी आच कशी देऊ, पोरी? तुझं चाक माझ्या हातानं जायचं."

गावची गाडी मला फलाटावर लागलेली दिसायला लागली. आणि तशात, कुठून कोण जाणे, मला आत्याची भगुली दिसली. आत्या चुलीवर ठेवायच्या ॲल्युमिनियमच्या भगुल्याला बाहेरून साबण चोपडायची, काजळी धरू नये म्हणून. काठाला जास्त लागलेला साबण आधी पिवळा व्हायचा, मग दुधाच्या चहासारखा, मग काळा. भांडं पांढरंच राहायचं, तापल्याचं साबण सांगायचा.

"मामा, तिला रंग नसंल तर आपण लावू की."

"काय लावतीस? कुंकू?"

"साबण."

मामा आधी हसले, मग थांबले. हात धुवायची वडी आणली, उरलेल्या झाकणाच्या काठाला घासली. ज्योत लावली. पिवळा झाला. चहाचा रंग आला तसं त्यांनी लाकडी मोगरीनं हळूच दाबलं, आणि काठ वाकला, न ओघळता, न तडकता.

"आयला," एवढंच म्हणाले.

मग चाक. मोटरच्या पोटावर मी ओली फडकी गुंडाळली. ती कोमट झाली की बदलायची, एवढं माझं काम. बसलेल्या कडेला साबण चोळला. मामा ज्योत नाचवत होते, एका जागी थांबू देत नव्हते. पांढऱ्यावर पिवळं उमटलं, पिवळ्यावर चहा, आणि त्यांनी ज्योत बाजूला केली, कड लाकडाच्या दोन ठोकळ्यांत धरली आणि शिकंजा आवळला, जरासा. पुन्हा साबण, पुन्हा ज्योत, पुन्हा जरासा. मला कळेना सकाळ आहे की दुपार. बंद खोलीत ती निळी ज्योत, साबणाचा जळका गोड वास, आणि ओल्या फडक्यांतून माझ्या हाताला लागणारा गारवा, एवढंच जगात उरलं होतं. कड कधी वर आली ते मी बघितलं असूनही सांगता येणार नाही. फूल उमलताना कुठं दिसतं?

मामांनी चाक आपोआप गार होऊ दिलं. म्हणाले, "आता ही जागा जरा मऊ पडली असंल. जपून चालव. खड्ड्याला मान देत जा."

मी काय द्यायचं ते विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी चहा पुढं केला. भांड्याला आता झाकण नव्हतं. चहा पिताना त्यांनी चाकाकडं बघत विचारलं, "जोरात जातं का गं?"

"जातं की."

"मग वारं लागत असंल तोंडाला."

"लागतं, मामा. लई."

मामांनी बंद खिडकीकडं एकदा बघितलं आणि भट्टी पेटवायला उठले.

पंक्चरवाल्या भैयांनी टायर चढवून बादलीत बुडवलं. एकही बुडबुडा आला नाही. "किसने किया?" त्यांनी विचारलं. "मामाने," म्हटलं. रात्री दादांनी फोटो बघून वायरी आणि बॅटरी पुन्हा जोडली. सोमवारी मॅडमच्या दारात वेळेआधी उभी होते, आणि बाळ जागं व्हायच्या आत पोळ्या झाल्या होत्या. वडलांना त्या आठवड्यात फोनवर फक्त एवढंच सांगितलं, की दोन्ही घरं आहेत.

ते चाक अजून चालतं. त्या जागेवर बोट फिरवलं तर किंचित लाट लागते. रस्त्यावर मात्र कळत नाही.

मामा, तुमच्या उपकाराची फेड पैशात घेणार नाही तुम्ही, ते मला ठाऊक आहे. पण एका रविवारी, सातवीण फुललेली असताना, मी तुम्हाला पहिल्या मेट्रोनं इकडं आणणार आहे. त्या रुंद रस्त्यावर तुम्हाला चाकावर उभं करीन, दोन्ही हात घट्ट धरीन आणि शेजारून पळत राहीन. जन्मभर अडवून धरलेला सगळा वारा एकदा तुमच्या तोंडावर घालीन, मगच तुम्हाला सोडीन.