सुजितचं सोडून बाकी सगळी

अंबरनाथच्या बुवापाड्यात सुजित पगारेला मरताना पाहिलं नाही असा माणूस सापडायचा नाही. कधी हवालदार होऊन गोळी खाऊन, कधी हॉस्पिटलातला पेशंट होऊन, एकदा तर नुसतंच प्रेत म्हणून, तो टीव्हीवर पाच-सहा वेळा तरी मेला असेल. श्वास चोरून पडून राहणं त्याला फार छान जमायचं. पुढे पुढे मालिकावाले त्याला तेवढ्यासाठीच फोन करायला लागले. पंचवीस वर्षं जीव ओतून नटाचं काम करावं आणि लोकांनी म्हणावं, हा मरतो मात्र झकास! यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे सुजितला कधी कळलं नाही, आणि कळलं असतं तरी घरी बसून परवडणार नव्हतं.

वडील, शंकर पगारे, केमिकलच्या कारखान्यात होते. खोकत खोकत लवकर गेले. मग आई गयाबाई उल्हासनगर कॅम्प दोनमधून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे आणायची आणि घरात बसून त्यांचे लोंबते धागे कापायची. गठ्ठे आले की खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, मायलेकरं त्या पँटींवरच बसायची, जेवायची. बोटं निळी ती निळीच. सुजित धागे कापता कापता गठ्ठेवाल्या सिंधी व्यापाऱ्याची नक्कल करायचा, त्याचं पोट पुढे काढून चालणं, पँट उन्हात धरून उगाच खोट काढणं. गयाबाई हसून हसून लोळायची, आणि मग कात्री थांबली म्हणून त्याच्याच पाठीत धपाटा घालायची. त्या हसण्यापायी पोरगा नट झाला. बुद्धविहारासमोरच्या पटांगणात भीमजयंतीला पहिलं काम केलं, आणि त्यानंतर त्याला दुसरं काही सुचलंच नाही. लग्नही राहून गेलं.

मतदानाचं वेड त्याला लागलं ते पथनाट्यामुळे. बदलापूरच्या एका संस्थेनं मतदार जागृतीचं काम दिलं. सुजितनं नेहमीसारखं नुसतं पाठांतर करायचं की नाही? पण हा बाबा खोलात शिरला. त्याच्या लक्षात आलं की मतं मोजताना बूथवार आकडा बाहेर येतो. म्हणजे कोणत्या गल्लीनं आपल्याला दिलं आणि कोणत्या गल्लीनं नाही, हे निवडून आलेल्याला बरोबर कळतं. मग एका गल्लीत पाणी येतं, शेजारच्या गल्लीत येत नाही. यावर उपाय म्हटला तर सोपा: दहा-पंधरा बूथची मतं आधी एकमेकांत मिसळायची आणि मगच मोजायची. मग राग कोणावर काढणार? हे त्याच्या डोक्यात असं बसलं की चहाच्या टपरीवर, शूटिंगला, मयताला गेला तरी विषय तोच. लोक त्याला मिसळवाला म्हणायला लागले. तो हसायचा, पण त्याला ते लागायचं.

पथनाट्यात पुढाऱ्याचं काम तो स्वतः करायचा. निवडून आलेला पुढारी काळा चष्मा लावून गर्दीत उतरतो आणि म्हणतो, "तुमच्या गल्लीतून किती आली ते मला कळतं." वाक्य खरं होतं, पण पडायचं. लोक शेंगा खात उभे राहायचे. एकदा शिवमंदिराच्या रस्त्यावर प्रयोग होता. सुजितला काय वाटलं कोण जाणे, तो चालत चालत एका म्हातारीसमोर थांबला, चष्मा काढला आणि हळूच म्हणाला, "आजी, तुम्ही मला दिलं नाही. मला एकेकाचं कळतं." रस्ता चिडीचूप झाला. मग टाळ्या पडल्या, अशा की त्याला कधी मिळाल्या नव्हत्या. एकेकाचं कळत नसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण टाळीचं वाक्य हातचं सोडेल तो नट कसला! ते वाक्य नाटकात राहिलं, आणि बुवापाड्यातही त्याचे चार-पाच प्रयोग झाले.

वर्षानुवर्षं लांबलेली नगरपालिकेची निवडणूक अखेर लागली तेव्हा सुजितनं अपक्ष अर्ज भरला. त्याच वेळी एका मालिकेतून वकिलाचं काम आलं होतं, चांगलं लांबलचक, मरायचं नाही असं. तारखा जुळेनात. त्यानं वकील सोडला. आपण निवडून येणार नाही एवढं त्यालाही कळत होतं. त्याला फक्त आपली गल्ली हवी होती. एक गल्ली न घाबरता मत देते, एवढं दाखवता आलं की झालं, असं तो आईला सांगायचा. गयाबाई म्हणायची, "मी हाय ना."

मतदानाच्या आधी गल्लीच्या तोंडाशी पाण्याचे नवे पाइप येऊन पडले. ते कोणी टाकले हे सांगायला नको. समोरच्या उमेदवाराला सगळे शेठ म्हणायचे, आणि त्याचा माणूस बबन त्याच गल्लीत राहायचा. सुजितनं पाइप पाहिले, चार शिव्या दिल्या आणि दुसऱ्या पाड्यात प्रचाराला गेला. घरच्या गल्लीत प्रचार कसला करायचा, ती तर आपलीच.

मतमोजणीला तो हॉलमध्ये कठड्याला टेकून उभा होता. एकेक बूथचा आकडा माइकवर यायचा. त्याच्या गल्लीचा बूथ आला. शेठचा आकडा वाचला, बाकीच्यांची शून्यं वाचली, आणि शेवटी, "पगारे सुजित शंकर, एक."

त्याला वाटलं पुढे काहीतरी राहिलंय. तो वाट पाहत राहिला. माइकवाला पुढच्या बूथवर गेला. मग त्याला समजलं की ते एक त्याचं स्वतःचं. आणि त्याच बूथवर त्याच्या मागोमाग आईनं मत दिलं होतं. त्यानंच तिला हात धरून नेलं होतं.

बबन गुलाल पुसत जवळ आला. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत.

"सुजितभाई, दिल पे मत ले यार. आपल्या गल्लीत पाइप येतोय ना, बस झालं."

"काय सांगितलंस तू लोकांना?"

"मी काय सांगणार? बायकांना जमवलं, बोललो, सुजित आपलाच भाऊ आहे, सुजितचं मत सुजितला, ते माफ. ते सोडून बाकी सगळी पाहिजेत. एक जरी फुटलं तरी पाइप उचलणार, आणि कोणाचं फुटलं ते शेठला कळणार. कोणीतरी बोललं, कसं कळणार? मी बोललो, सुजितनंच दाखवलंय की नाटकात. एकदम शांत झाले सगळे." त्यानं सुजितच्या खांद्यावर थाप मारली. "काय डायलॉग आहे भाई तुझा, कसम से."

सुजित तिथून घरी चालत आला. ज्या गोष्टीविरुद्ध त्यानं गळा फोडला तीच त्याला भोवली होती. मतं मिसळून मोजली असती तर आईनं कोणाला दिलं हे त्याला जन्मात कळलं नसतं. आणि लोकांना भीती घातली ती शेठनं नव्हे, त्यानंच, टाळीसाठी.

गल्लीत पाइपांसाठी खणायला सुरुवात झाली होती. गयाबाई दारातच बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ताट वाढून आणलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसली.

"लय कमी पडली का?"

"कमीच."

तिनं तांब्या त्याच्याजवळ सरकवला. मग म्हणाली, "सुजित, कळतं का रे, कोणी कोणाला दिलं ते?"

त्यानं घास तोंडात घातला आणि नीट चावून गिळला.

"नाही आई. कोणाचंच कळत नाही."

"मंग तू नाटकात म्हणायचास ते?"

"नाटक होतं ते."

गयाबाईनं पदर तोंडाला लावला.

"मंग मी तुलाच दिलं असतं की रे," ती म्हणाली.