‘उत्तर रिकामं’ म्हणजे काय

उत्तरा टिपणीस बावीस वर्षं एकच काम करत आली होती. दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर कसं वापरायचं, ते सोप्या भाषेत लिहून द्यायचं. पूर्वी लोक ते वाचायचे, अडलं की फोन करायचे. आता ठाण्यातल्या तिच्या कंपनीचं नवं टूल माणसं वापरतच नव्हती. साइटचं नाव दिलं की ती नेटवर्कवर कुठल्या पत्त्यावर आहे, ते शोधून देणारं टूल. ते वापरायचे एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण पार पाडणारे प्रोग्राम. उत्तराने लिहिलेली माहिती वाचायची आणि तिच्यावर विश्वास ठेवून पुढे जायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

एका बुधवारी ती कोपरच्या घरून काम करत होती. कुकरची दुसरी शिटी होते न होते तोच शौनकचा फोन आला. तिचा मॅनेजर, वयाने तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान.

"मॅम, एक लोचा झालाय. कल्याणची एक कंपनी छोट्या दुकानांच्या साइट सांभाळते. त्यांच्या एजंटला बंद पडलेल्या साइट काढून टाकायला सांगितलेलं. त्याने चालू साइटही उडवल्या. शहाडच्या एका रक्ततपासणीच्या लॅबची साइट दीड दिवस बंद होती."

"आपल्या टूलने काय सांगितलेलं?"

"उत्तर रिकामं. सर्व्हरने त्या वेळी प्रतिसाद दिला नाही, म्हणून रिकामं. पण आपल्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, रिकामं म्हणजे साइट अस्तित्वात नाही."

उत्तराने गॅस बंद केला. हे वाक्य तिचंच होतं. खरं तर त्याच्यापुढे आणखी एक वाक्य होतं: कधी कधी सर्व्हर उत्तर देत नाही, तेव्हा थोड्या वेळाने पुन्हा विचारावं. टूल बनवणारा राजरत्न तेव्हा म्हणाला होता, "असं क्वचितच होतं, काढून टाक ना. एजंटला जितकं कमी वाचायला लागेल तितकं बरं." तिला ते पटलं नव्हतं. पण त्या आठवड्यातलं ते अकरावं पान होतं, आणि वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने वाक्य खोडलं होतं.

शनिवारी ती शहाडला गेली. कोणी पाठवलं नव्हतं. आपण का जातोय, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

लॅब एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर होती. काउंटरवर कल्पिता नावाची पंचविशीची मुलगी बसलेली. उत्तराने ओळख सांगितली, तेव्हा ती जरा सावरून बसली.

"ताई, ते आता चालू झालंय."

"माहितीये. त्या दोन दिवसांत काय झालं, ते विचारायला आले."

"काय होणार? रिपोर्ट दिसत नव्हते. मग मीच सगळ्यांना फोन करून वाचून दाखवले. एका आजीबाईंना शुगरचा आकडा चार वेळा सांगितला, त्यांना ऐकायलाच येत नव्हतं." ती थोडी हसली, मग थांबली. "आदल्या दिवशी मीच साइटवरचा फोटो बदललेला. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. सर पण तेच बोलले. दोन दिवस जेवण जाईना."

"तुझी चूक नव्हती," उत्तरा म्हणाली. "माझ्या लिहिण्यात होती. एक ओळ मी काढायला नको होती."

कल्पिताने सरांच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे तुम्ही सरांना सांगाल काय?"

उत्तराने आत जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि "ठीक आहे, होतं असं" म्हणाले. कल्पिताला ते काही बोलले नाहीत. पण दार उघडं होतं, तिने ऐकलं होतं.

सोमवारी ऑफिसात शौनक म्हणाला, "मॅम, ती ओळ परत टाका, विषय संपवू."

"ओळीने भागणार नाही. ‘साइट नाही’ आणि ‘सर्व्हर बोलला नाही’ या दोन्हींना टूल एकच उत्तर देत असेल, तर मी काय लिहू? दोन वेगळी उत्तरं द्या. तोवर मी त्या पानावर सही करणार नाही."

शेजारी बसलेल्या राजरत्नने टूलचा कोड उघडून पाहिला. मग म्हणाला, "चार दिवस लागतील."

सहा लागले. नंतर उत्तराने नवं पान एजंटला वाचायला देऊन तीस वेळा तपासलं. अठ्ठावीस वेळा त्याने थांबून पुन्हा विचारलं. दोनदा चालू साइट बंदच धरली. तिने वाक्य आणखी मोडून लिहिलं, पुन्हा तीस वेळा तपासलं. या वेळी एकदाच चुकला. शौनकला ते पुरेसं वाटलं. तिला वाटलं नाही, पण पाठ भरून आली होती.

त्या टूलची अजून चाळीस पानं होती. तिने पहिलं उघडलं आणि ती एकेका ओळीपाशी थांबून स्वतःला विचारू लागली, हे मी पाहिलंय, की कुणी सांगितलं म्हणून लिहिलंय? संध्याकाळपर्यंत दोन पानं झाली.